सूनबाईला कॅबिनेट निवडता येत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात आज मोठ्या स्क्रीनचं उद्घाटन झालं म्हणे. म्हणे, कारण मी गेलेच नाही. रजा टाकून घरी पडून आहे. कुणी विचारलं तर पाठ दुखते असं सांगते. पाठीला काहीसुद्धा झालेलं नाही.

लग्नानंतर लगेच मी त्या कपड्यांच्या दुकानात लागले आणि तेव्हापासून त्याची शोकेस मीच लावत आले. पुतळ्यांना कपडे चढवायचे, मागून टाचण्या मारून ते अंगासरसे बसवायचे, दिवे फिरवून उजेड बरोबर खांद्यावर आणायचा, मग रस्ता ओलांडून पलीकडून बघायचं. आता त्या काचेमागे स्क्रीन आली. तिच्यात एक बाई चालते, वळते, हसते आणि पुन्हा पहिल्यापासून चालते. मॅनेजर म्हणाला, "बाई, जमाना बदलला. तुम्ही गोदामात या. कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या, हलकं काम आहे. महिनाअखेरपर्यंत सांगा, येताय की राजीनामा देताय." हलकं म्हणे! हा माणूस नोकरीला लागला तेव्हा याच्या टायची गाठ मी मारून दिली होती.

खरं काय ते इथे तरी लिहावं. राग आहे तो वरवरचा. आतून भीती वाटते आहे. त्याचंच बरोबर असेल तर? माझी नजरच जुनी झाली असेल तर?

५ फेब्रुवारी, बुधवार

पडून. चिरंजीव कामावर निघताना दारात घुटमळले. "आई, डॉक्टरकडे जाऊन येऊया का?" नको म्हटलं. सूनबाईने चहा आणून ठेवला, तो निवला. तिने दुसरा आणला, तोही निवला. तिसऱ्यांदा मात्र ती कप घेऊन तिथेच बसून राहिली, म्हणून प्यावा लागला. नुसती बघत होती माझ्याकडे. दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी आहे तिची, त्यामुळे तिला माणसाकडे आरपार बघायची सवय लागली असावी.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सूनबाई माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. हातात मोबाइल, चेहरा पडलेला.

"आई, एक अडचण आहे. तुमच्याशिवाय सुटायची नाही."

अडचण अशी. तिला संध्याकाळी मैत्रिणींबरोबर कॉम्प्युटरवर खेळायला आवडतं. पाच जणींचा संघ आहे आणि या महिन्यात त्यांच्या स्पर्धेचे सामने आहेत. त्यासाठी तिने नव्या दमदार कॉम्प्युटरचं सगळं सामान जमवलं आहे. अडलं आहे ते फक्त वरच्या खोक्यावर. कॅबिनेट म्हणतात त्याला. सगळे भाग त्याच्या पोटात बसवायचे आणि बाजूच्या काचेतून ते दिसतात.

"शेकडो प्रकार आहेत हो. मला ठरवताच येत नाही. कुठलं चांगलं, कुठलं वाईट, मला त्यातलं काहीच कळत नाही."

दारात उभे असलेले चिरंजीव म्हणाले, "तुला कळत नाही? तुला?" आणि एकदम "आई गं!" करून ओरडले. सूनबाई त्याच वेळी चहाचा कप ठेवायला उठली होती, तिचा पाय त्यांच्या पायावर पडला. तो दरवाजा अरुंदच आहे. दोघं एकदम उभी राहिली की असं होणारच.

मी मोबाइलवर फोटो पाहिले. अरे देवा! एकाला नखं होती. एकाला तोंडासमोर दात होते. एकाच्या अंगावर सात रंगांचे दिवे एकदम उघडझाप करत होते. सात रंग एकदम लावणं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकदम बोलण्यासारखं आहे, कुणाचंच ऐकू येत नाही. हे मी तिला समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगता कधी उठून बसले ते कळलं नाही.

"असं असतं होय!" ती म्हणाली. पोरगी कामात हुशार आहे, पण सौंदर्यदृष्टी म्हणून काही नाही. उद्या तिच्याबरोबर दुकानात जाते. नाहीतर नखंवालं घेऊन येईल आणि ते माझ्या दिवाणखान्यात बसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

कॉम्प्युटरचं दुकान पाहिलं. दुकान कसलं, अडगळीची खोली! दर्शनी शोकेस इतकी मोठी की मला हेवा वाटावा, आणि तिच्यात काय, तर पुठ्ठ्याची रिकामी खोकी, उन्हाने पिवळा पडलेला एक कागद आणि उताणी पडलेली माशी. मी माशीकडे बोट दाखवलं. दुकानदार कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन म्हणाला, "कधी मेली कोण जाणे, काकू."

सूनबाईला बघून मात्र तो खूश झाला. "या ताई, या! मागे तुम्ही जोडून दिलेली ती मशीनं अजून एकदम..." सूनबाईला जोराचा ठसका लागला. पाणी पाजलं तेव्हा थांबला. दुकानदारांची ही जातच अशी, ओळख नसली तरी ओळख काढतात. माझं सगळं आयुष्य दुकानात गेलं आहे, मला कोण फसवणार?

आता कॅबिनेटचं. दोन समोर ठेवली. एकाला पुढून काच आणि बाजूनेही काच, मधे खांबसुद्धा नाही. अंगाने पांढरं शुभ्र. दुसरं काळं, पुढून सगळी पत्र्याची जाळी. दुकानदार जाळीच्या बाजूने बोलत होता. म्हणे आतल्या सामानाला वारा लागतो, जाळीतून हवा खेळते. मी म्हटलं, "अहो, जाळीचं कपाट दुधाला मांजर लागू नये म्हणून ठेवतात. ते कुणी दिवाणखान्यात मांडतं का?"

"जाळीचं थंड राहतं असं म्हणतात, आई," सूनबाई हळूच म्हणाली.

"काचेला कडेने फट आहे ना? तिच्यातून येईल की वारा."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "तुम्ही म्हणाल ते. काचेचं घेऊ."

येताना रिक्षात मीच पेटी मांडीवर घेऊन बसले. पाठ दुखते हे मी विसरले होते. सूनबाईने काही आठवण करून दिली नाही, नशीब.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जोडणी. दिवाणखान्यातल्या टेबलावर सगळं मांडलं. मी खुर्चीवर बसून सूचना दिल्या, सूनबाईने हात चालवले. वायरी कुठून न्यायच्या, कुठे लपवायच्या, ग्राफिक्स कार्ड नावाची ती जाडजूड पाटी आडवी न ठेवता उभी करून जरा काचेकडे कशी वळवायची, सगळं माझं. पुतळासुद्धा कधी सरळ समोर तोंड करून उभा करत नाहीत, किंचित वळवतात, तेव्हा त्यात जीव येतो. हे ऐकून ती थांबली. "हे मला कधीच सुचलं नसतं," म्हणाली आणि कार्ड वळवून कितीतरी वेळ बघत बसली.

एक गंमत. ती स्क्रू लावताना स्क्रूकडे बघतच नाही. माझ्याशी बोलतेय, आणि बोटं आपली आपली फिरताहेत. मी इतकं नीट सांगितल्यामुळे असेल.

उजेड एकच, पिवळसर. चालू केल्यावर चिरंजीवांची शिट्टी वाजली. मला वाटतं, माझी नजर अजून शाबूत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको असं होतंय. हात दाखवून अवलक्षण.

सकाळी सूनबाई दवाखान्यात ड्युटीवर होती. मी एकटी कॅबिनेटसमोर बसून बघत होते, तर काचेच्या कडेच्या फटीतून उजेड गळताना दिसला. आमच्या कामात याहून मोठं पाप नाही. शोकेसच्या फटीतून उजेड गळला की नजर मालावरून फटीवर जाते. हाताला वर्षानुवर्षांची सवय. मी शिवणाच्या डब्यातून काळं मखमल काढलं, बारीक पट्ट्या कापल्या आणि चारही फटींत टाचणीच्या टोकाने बेमालूम भरल्या. मागच्या भोकांतूनही वायरी दिसत होत्या, तिथेही लावलं. काय देखणं दिसायला लागलं म्हणून सांगू!

संध्याकाळी सामना. पाच जणी आपापल्या घरून खेळत होत्या. सूनबाई कानाला हेडफोन लावून अशी काही हुकूम सोडत होती की मी ऐकतच राहिले. घरात "तुम्ही म्हणाल ते" म्हणणारी हीच का ती? जिंकत आल्या होत्या. आणि ऐन रंगात आल्यावर कॉम्प्युटर फट्कन बंद पडला. चालू केला, पुन्हा बंद. तोवर उरलेल्या चौघी हरल्या.

सूनबाईने काच काढली आणि आत हात घालून झटक्यात मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं. तिला मखमल दिसलं. मी पाहिलं की तिला ते दिसलं. तिने दोन बोटांनी पट्टी ओढून मुठीत घेतली आणि म्हणाली, "वायर सैल होती."

पण आमचे चिरंजीव! खाली वाकून म्हणाले, "हे मखमल कसलं? आई, हे तू कोंबलंस?"

मी उठून माझ्या खोलीत आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरचंच बरोबर होतं. ज्या वस्तूला श्वास लागतो तिचं नाक दाबून मी तिला सजवत बसले. कशाची नजर आणि कशाचं काय. गोदामात चिठ्ठ्या लावायला नजर लागत नाही. उद्या फोन करून होकार कळवायचा.

सूनबाईच्या संघाचा आणखी एक सामना उरला आहे, येत्या रविवारी. तोही हरल्या तर स्पर्धेतून बाहेर. हे मला चिरंजीवांनी सांगितलं, तिने नाही. ती बोलली असती, रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी फोन हातात घेतला तोच सूनबाई आली आणि समोर बसली.

"आई, तो फोन उद्या करा. आधी माझं काम. मी जाळीचं कॅबिनेट घेणार आहे."

"घे की. मला कशाला विचारतेस? विचारून काय झालं ते बघितलंस ना?"

"ते थंड राहील. पण ते मठ्ठ दिसतं. पुढून बघितलं तर काळा पत्रा, आतलं काहीच दिसत नाही. त्यात जीव कसा आणायचा?"

"मला नाही येत."

"आई," ती म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज वेगळाच होता, "थंड कसं ठेवायचं ते मी बघते. पण दिसेल कसं, ते मला खरंच येत नाही. खरंच."

'खरंच' दोनदा का म्हणाली कोण जाणे. तिला येत नाही हे काय मला माहीत नाही? पण चेहरा इतका कावराबावरा झाला होता की नाही म्हणवेना. फोन राहिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

नीट क्रमाने लिहिते. सकाळपासून डोक्यात जाळी, जाळी आणि जाळी. कापडाने झाकावी तर वारा अडणार. रंगवावी तर रंगवलेली जाळी दिसणार. आणि स्वयंपाकघरात भांडी घासता घासता आठवलं की जाळीशी माझी काही आजची ओळख नाही! दुकानात धुक्याचा देखावा करायचा असला की मी पुतळ्यांपुढे जाळीचं कापड ताणून लावायची. पुढून उजेड टाकला की तीच जाळी भिंतीसारखी दिसते, मागचं काही दिसत नाही. पुढचा दिवा घालवून मागचा लावला की जाळी नाहीशी होते. असते तिथेच, पण डोळा तिला ओलांडून जातो. कापडाची जाळी आणि पत्र्याची जाळी, उजेडाला काय फरक?

हात तसेच पदराला पुसले आणि सूनबाईला दवाखान्यातून परस्पर दुकानात बोलावलं. दुकानदाराला म्हटलं, "ते काळं कॅबिनेट काढा, आत एखादं जुनं सामान बसवा. आणि तुमच्या डोक्यावरचा दिवा बंद करा." तो सूनबाईकडे बघायला लागला. ती म्हणाली, "काकू सांगतील तसं करा. म्हणजे, आई सांगतील तसं."

दिवा बंद. कॅबिनेटसमोर आम्ही दोघी गुडघ्यावर. आत खालच्या बाजूला पुढच्या कडेला टॉर्च ठेवला, पण तोंड आपल्याकडे नाही, मागे सामानाकडे. नुसता काळा पत्रा होता, आणि बघता बघता तो गेला. आतले पंखे, पाट्या, सगळं हवेत तरंगत असल्यासारखं पुढे आलं. मी टॉर्च विझवला, पत्रा परत आला. लावला, गेला. दुकानदाराचा चष्मा कपाळावरून घसरून आपोआप नाकावर आला.

"वारा तर सगळा येणार," तो पुटपुटला. "हे इतकी वर्षं कुणाला कसं नाही सुचलं?"

सुचलं असेल कुणाला तरी, जग मोठं आहे. पण या दुकानात मला सुचलं. सूनबाईने मला गुडघ्यावर असतानाच मिठी मारली आणि आम्ही दोघीही कलंडलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल दिवसभर दोघींनी मिळून जोडलं. यावेळी मी आधी विचारत होते, "इथून वारा येतो का? मग इथे काही नको." आणि ती विचारत होती, "हे इकडे वळवू की तिकडे?" दिवे पुढच्या कडेला आतून, पाठ आपल्याकडे करून. वायरी अशा बांधल्या की त्यांनी हवेच्या वाटेत येऊ नये आणि नजरेच्याही. आमची दोनदा कडाक्याची भांडणं झाली. एकदा ती जिंकली, पंख्याच्या बाबतीत. मग मी जिंकले, रंगाच्या बाबतीत. तिला निळा हवा होता. मी म्हटलं, निळ्या उजेडात माणसंसुद्धा आजारी दिसतात.

आज सामना. मी मागे स्टुलावर बसले होते. सामना रंगला तसा माझा जीव वर-खाली. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, मी आपली सारखी कॅबिनेटच्या मागे हात धरून बघत होते. कोमट वारा सुरळीत बाहेर येत होता. मग सूनबाई एकदम ओरडत खुर्चीवरून उठली, चिरंजीवांनी मला उचललं, आणि मला कळलं की जिंकल्या!

जीव भांड्यात पडला. पुढच्या फेरीला अजून अवकाश आहे. तोवर दुकानदाराने चार दिवसांसाठी तो कॉम्प्युटर आपल्या शोकेसमध्ये ठेवायला मागितला आहे. सूनबाई हो म्हणाली. मी म्हटलं, एका अटीवर. आधी तिथली माशी काढायची.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल सकाळी शोकेस रिकामी केली, धुतली, आतून करडा कागद लावला. मधे एकच ठोकळा, त्यावर आमचा कॉम्प्युटर. बाकी काही नाही. दुकानदार कासावीस झाला होता. "काकू, बाकीचा माल कुठे?" मी म्हटलं, "माल आत. बाहेर फक्त भूक लागेल एवढंच ठेवायचं."

उजेडावर एक छोटं यंत्र लावायची कल्पना सूनबाईची. दिवा सावकाश विझतो आणि सावकाश लागतो. त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला आधी काळा पत्रा दिसतो आणि मग तो हळूहळू विरघळतो. आज संध्याकाळी मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. एक गृहस्थ फोनवर बोलत चालले होते, बोलता बोलता थांबले आणि पलीकडच्याला म्हणाले, "थांब जरा." दोन शाळकरी मुली काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. एक आजोबा म्हणाले, "काय विकतात हो इथे?" आणि आत गेले! मला रडू आलं. रस्त्यात उभी राहून मी चक्क रडले आणि मला कुणाची लाज वाटली नाही.

दुकान बंद करताना दुकानदाराने विचारलं. त्याची शोकेस कायमची मी लावायची, आणि शिवाय गिऱ्हाइकांना कॅबिनेट निवडून द्यायची, आतली मांडणी ठरवून द्यायची. आज दिवसभरात लोक हेच विचारत होते म्हणे, "हे कुणी केलं? आम्हाला करून देतील का?" जोडायला सूनबाई सुट्टीच्या दिवशी येते म्हणाली. तिला सवय व्हायला हवीच आहे.

मी लगेच हो म्हटलं नाही. उद्या सांगते म्हटलं. मग कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत येऊन हो म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मॅनेजरला फोन केला.

"बाई, मग कधी येताय गोदामात?"

"राजीनामा पाठवतेय."

"घाई करू नका. या वयात दुसरं काय करणार तुम्ही?"

"कॅबिनेट बघणार."

पलीकडून प्रश्न आला, "मंत्री झालात की काय?"

मी मोठ्याने हसले. तोही हसला, पण त्याचं काहीतरी अडलेलं होतं. शेवटी बोलला. दुपारी स्क्रीनवर ऊन येतं आणि ती बाई दिसतच नाही, नुसती काच चकाकते. काय करावं? उपाय मला ठाऊक होता. पडवीसारखा छज्जा जरा पुढे काढला की झालं. दोन वाक्यांचं काम. मी म्हटलं, "गोदामात विचारा, तिथे हलकं काम असतं, त्यांना वेळ असेल." आणि फोन ठेवला. हे लिहितानासुद्धा मला आनंद होतोय. मी काही संत नाही.

पण संध्याकाळपर्यंत मन मऊ झालं, आणि सगळ्यात जास्त सूनबाईच्या बाबतीत. विचार केला, या मुलीला साधं एक खोकं निवडता आलं नाही म्हणून मी पलंगावरून उठले. तिला जरा तरी कळत असतं तर तिने आपलं आपण उरकलं असतं, आणि मी आज गोदामात बसून चिठ्ठ्या लावत असते. तिच्या अज्ञानावर माझं भाग्य उभं आहे. मग तिच्यासाठी काही करायला नको का?

ती गॅलरीत कपडे काढत होती. मी जाऊन म्हटलं, "हे बघ, तू वाईट वाटून घेऊ नकोस. कॉम्प्युटरमधलं तुला फारसं कळत नाही, पण शिकायची तयारी आहे. मी शिकवीन तुला. पहिल्यापासून. स्क्रू कसा धरायचा इथपासून."

तिने हातातला टॉवेल तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. आतून चिरंजीवांचा काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला, मग त्यांनी स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं. सूनबाईचे खांदे गदगदा हलत होते. वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या, आणि तिने माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली.

फार हळवी आहे पोर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "रडू नकोस गं. जमेल तुलाही."